रविवारची नोंद कोण करतं?



आरोग्य प्रशासनाच्या विद्यार्थ्याचा पहिल्या सत्रातला पहिला प्रकल्प हा माझा आजचा विषय आहे. बहुतेक ठिकाणी त्याचा साचा ठरून गेला आहे. विषय ‘रुग्णांचे समाधान’, हातात प्रश्नावली, शेवटी रंगीत आलेख आणि काळ्या बांधणीवर सोनेरी अक्षरं. तोंडी परीक्षा झाली की अहवाल कपाटात जातो. ज्या दवाखान्यातून माहिती घेतली, तिथे त्याची साधी प्रतही पोहोचत नाही. मला याचं फार वाईट वाटतं, कारण प्रशासकाची नजर याच पहिल्या प्रकल्पात घडते.

एक उदाहरण सांगतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात लसी ठेवायचा खास फ्रीज, म्हणजे आयएलआर, २ ते ८ अंशांत राहिला पाहिजे. सकाळ-संध्याकाळ तापमान बघून वहीत लिहायचं असतं. एका केंद्रात आमच्या विद्यार्थिनीने ती वही उघडली, तर महिनाभर दोन्ही रकान्यांत ४, ४, ४. शाई एकच आणि एका बैठकीत लिहिल्यासारखं अक्षर. रविवारसुद्धा भरलेले.

‘कर्मचाऱ्यांचा निष्काळजीपणा’ असं लिहून ती मोकळी झाली असती. तिच्या मार्गदर्शक बाईंनी तिला एकच प्रश्न घेऊन परत पाठवलं: रविवारी इथे कोण असतं? मग चित्र उलगडत गेलं. औषधनिर्मात्याकडे शेजारच्या केंद्राचाही कार्यभार होता. आरोग्यसेविका आठवड्यातले कितीतरी दिवस उपकेंद्रांवर, लसीकरणाच्या सत्रांना. रात्री असणाऱ्या शिपायाला थर्मामीटर कसा वाचायचा हे कुणी दाखवलेलंच नव्हतं. आणि भेटीला येणारे पर्यवेक्षक वही चाळायचे ती रकाना रिकामा राहिला आहे का, एवढंच बघायला. रिकाम्या रकान्याचा जाब विचारला जायचा, खोट्या चाराचा नाही. मग वहीत चारच येणार!

यात धोका काय? लस उष्णतेने बिघडते हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण पेंटाव्हॅलंट, हिपॅटायटिस बी, टीडी या लसी गोठल्या तरी निकामी होतात, आणि आयएलआरमध्ये सगळ्यात जास्त गारठा तळाशी असतो. एखाद्या रात्री पारा शून्याखाली गेला, तर तो चार आकडा आपल्याला काहीच सांगत नाही. बाळाला सुई टोचली जाते, कार्डावर खूण होते, संरक्षण मात्र मिळत नाही. आता लसींच्या तापमानावर लक्ष ठेवणाऱ्या ई-विन यंत्रणेचे लॉगर मोबाइलवर इशारा पाठवतात, ही चांगलीच सोय आहे. तरी रविवारी तो इशारा कुणाच्या मोबाइलवर जातो आणि तो माणूस केंद्रापासून किती लांब राहतो, हे कुणीतरी विचारावंच लागतं.

अवेडिस डोनाबेडियन यांनी १९६६ साली वैद्यकीय सेवेची गुणवत्ता रचना, प्रक्रिया आणि परिणाम अशा तीन अंगांनी तपासायची रीत मांडली. आपण ती वर्गात फळ्यावर शिकवतो, विद्यार्थी पाठ करतात. त्या वहीपाशी ती तिन्ही अंगं एकदम समोर येतात: आयएलआर आहे, नोंदीची पद्धत मोडली आहे, आणि परिणाम बाळाच्या मांडीत आहे.

मोजणं क्षुल्लक वाटतं, पण आपल्याच राज्यात त्यातून धोरण घडलं आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गावातल्या बायकांना नवजात बाळांची घरी जाऊन काळजी घ्यायला आणि नोंद ठेवायला शिकवलं. ३९ गावांतल्या त्या कामाचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. २०११ पासून आशाताई देशभर नवजात बाळांच्या घरी जाऊ लागल्या, त्यामागे हे काम आहे. पण अशी नजर प्रशिक्षणातच घडवावी लागते. देशाच्या आरोग्यसेवेचा आराखडा १९४६ मध्ये मांडणाऱ्या भोर समितीलाही सामाजिक दृष्टीचा डॉक्टर घडवायचा होता आणि त्यासाठी तिने तीन महिन्यांचं प्रशिक्षण सुचवलं होतं. प्रशासक घडवताना आपण निदान एक अर्धं सत्र तरी शेताच्या बांधावरच्या केंद्राला द्यायला हवं.

म्हणून माझा आग्रह आहे की पहिल्या प्रकल्पाचा प्रश्न एका खोलीत, एका खिडकीपाशी किंवा एका वहीत मावेल एवढाच असावा. केसपेपरच्या खिडकीवरची रांग, संपत आलेल्या गोळ्यांचं इंडेंट, संदर्भित केलेली गरोदर बाई पुढे पोहोचली की नाही, यांतलं काहीही चालेल. विद्यार्थ्याने तपासनीस होऊन जाऊ नये. जे सापडेल ते मराठीत दोन पानांत लिहून केंद्राच्या मासिक सभेत आशाताई, आरोग्यसेविका आणि औषधनिर्माता यांच्यासमोर वाचावं. त्यांचे आक्षेप अहवालात जसेच्या तसे जोडावेत. त्यानंतरच तोंडी परीक्षा व्हावी आणि या वाचनाला गुण असावेत.

अभ्यास मंडळांचे कितीतरी सदस्य आज सभागृहात आहेत. संध्याकाळच्या खुल्या अधिवेशनात मी हा ठराव मांडणार आहे. तो जसाच्या तसा मंजूर व्हावा असं नाही. ज्यांना तो अव्यवहार्य वाटतो, त्यांनी आपल्या केंद्रातल्या अडचणी घेऊन बोलायला उभं राहावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे.