पेढी आणि मोबाईल



मोठ्या शोरूमच्या जाहिरातखर्चाशी आपल्या पेढ्यांची बरोबरी होणे नाही. मात्र गुगल बिझनेस प्रोफाइलवर (२०२१ पर्यंतचे गुगल माय बिझनेस) दुकानाचा पत्ता, वेळ व छायाचित्रे विनामूल्य नोंदविता येतात. पर्युषणात वेळ बदलली, तर तीही तत्परतेने नोंदवावी. बंद दारावरून परतलेले गिऱ्हाईक शेजारच्या दुकानी जाते.

२०१८ मध्ये आलेल्या व्हॉट्सॲप बिझनेसचे मर्म निराळे. ब्रॉडकास्ट यादीतून धाडलेले पैठणीचे छायाचित्र केवळ आपला क्रमांक जतन केलेल्या गिऱ्हाइकांपर्यंतच पोहोचते. तेव्हा क्रमांकांच्या विकतच्या याद्या येथे व्यर्थ; बिल देतानाच विनंती करून आपला क्रमांक जतन करवून घ्यावा. हे काम आजही गादीवर बसणाऱ्याच्या जिभेचेच आहे. आणि रोज संदेश धाडाल, तर तेच गिऱ्हाईक आपल्याला ब्लॉक करील!