दाभोळचे बंदर आणि आपल्या मुली

(संस्थेच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



आपण गगनबावड्याची माणसे. करूळ घाट उतरला की वैभववाडी, पुढे खारेपाटण, आणि खाडीच्या कडेने गेले की विजयदुर्ग. गलबतांतून उतरलेला माल पूर्वी याच घाटवाटांनी देशावर येई. इतका समुद्र जवळ, तरी आपल्या शाळेतील पुष्कळ मुलांनी तो पाहिलेला नसतो. म्हणून गेल्या वर्षी सहल दाभोळला नेण्याचे ठरविले.

येथे माझी एक चूक कबूल करतो. मी केलेल्या पहिल्या यादीत सगळे मुलगेच होते. मुक्कामाची सहल, मुलींना कोण पाठविणार, असे मी परस्पर ठरवून टाकले. नववीतील एक मुलगी दाराशी येऊन म्हणाली, "सर, आमच्या घरी विचारलंत का?" विचारले नव्हते. मग घरोघर गेलो. काहींनी नकार दिला. एका मुलीची खाला सोबत यायला तयार झाली, तेव्हा सहा मुली निघाल्या.

गुहागर तालुक्यातील धोपाव्याहून फेरीबोटीने वाशिष्ठीची खाडी ओलांडली की दाभोळ. मुंबई-गोवा आगबोटी चालत तेव्हा कोकणच्या अनेक बंदरांत बोट दूर उभी राही आणि उतारू पडावातून किनाऱ्याला येत. आपल्यातील वडीलधाऱ्यांना ते आठवत असेल. आज आमची एस.टी.सुद्धा बोटीवर चढली, याचेच मुलांना नवल!

बहामनी राज्यात हे मोठे बंदर होते. अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी पंधराव्या शतकात आपला देश पाहून येथूनच गलबतात बसला. अरबस्तान, खोरासानचे घोडे येथे उतरत, असे त्याने लिहिले आहे. डिसेंबर १५०८ मध्ये पोर्तुगीजांनी हे शहर लुटून जाळले. पुढे आदिलशाहीत ते पुन्हा उभे राहिले.

त्या काळाची साक्ष म्हणजे तेथील शाही मशीद. एक भव्य घुमट, चार कोपऱ्यांना चार मिनार. बांधकाम सन १६५९-६० च्या सुमाराचे. परंपरा अशी सांगते, की विजापूरची शाहजादी आयेशाबीबी हजला जाण्यासाठी येथे आली, परंतु समुद्रप्रवास सुरक्षित नसल्याने तिला पुढे जाता आले नाही. तेव्हा प्रवासासाठी आणलेला पैसा तिने या मशिदीला लावला. हे ऐकून आमची खाला बराच वेळ त्या घुमटाकडे पाहत राहिली. मग मला म्हणाली, "मास्तर, म्हणजे ही बाईमाणसाच्या पैशानं उभी राहिली!"

परतताना बोटीवर मी मुलांना इब्न बतूताची हकीकत सांगितली. उत्तर आफ्रिकेतील टँजिअर या बंदराचा हा मुलगा. सन १३२५ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी तो हजला म्हणून घराबाहेर पडला आणि चोवीस वर्षांनी परतला. दिल्लीत काझी झाला, आपल्या दौलताबादेसही येऊन गेला. चीनकडे जाताना पश्चिम किनाऱ्यावर त्याचे गलबत बंदरोबंदरी थांबले. कारवारच्या पलीकडील होन्नावर येथे त्याने काय पाहिले? मुलांच्या तेवीस शाळा आणि मुलींच्या तेरा! असे मी अन्यत्र कोठे पाहिले नाही, असे तो लिहितो. तेथील स्त्रियांना कुराण मुखोद्गत होते, असेही तो नमूद करतो.

पालकहो, विचार करा. अर्धे जग पाहिलेला तो विद्वान. बंदरात उतरल्यावर त्याने मालाबरोबर मुलींच्या शाळाही मोजल्या, आणि ही गोष्ट सुमारे पावणेसातशे वर्षांपूर्वीची! तसा एखादा प्रवासी आज आपल्या घाटावर आला आणि दहावीनंतर आपल्या किती मुली शिकतात असे त्याने विचारले, तर आपण काय सांगू? मुलगा अकरावीसाठी कोल्हापूरला जातो आणि त्याच्याहून अधिक गुण मिळविणारी बहीण घरी राहते, हे मी माझ्याच वर्गात दरवर्षी पाहतो.

पालकांच्या अडचणी मला ठाऊक आहेत. आपल्याकडचा पाऊस, संध्याकाळची चुकणारी एस.टी., रिकामा स्टँड. काळजी खोटी नाही. परंतु सहलीलाही काळजी होतीच, आणि खाला सोबत आली तेव्हा वाट निघाली. तीन-चार घरच्या मुली एकत्र जाऊ शकतात. ग्रामीण मुलींना बारावीपर्यंत एस.टी.चा मोफत पास मिळतो. वसतिगृहाची चौकशी करायची असेल, तर मी बरोबर येईन.

त्या दिवशी दाराशी आलेली ती मुलगी यंदा दहावीला आहे. तिने मला विचारलेला प्रश्न थोडा बदलून आपणांस विचारतो आणि रजा घेतो. निकालानंतर मुलीचे पुढे काय करायचे हे ठरविण्यापूर्वी, घरी तिला विचारलंत का?

खुदा हाफिज.