संशोधन आपल्या पैशाचे, वाचायचे कोणी?



संशोधनाशी आपला काय संबंध, असे पुष्कळांना वाटते. पण साबणाच्या वडीवरही आपण कर भरतो, आणि त्याच तिजोरीतून सरकारी प्रयोगशाळा चालतात. संशोधक आपला निबंध प्रकाशकाला बहुधा विनामोबदला देतो. पुढे तोच निबंध वाचायला सरकारी ग्रंथालय वर्गणी मोजते. एकाच मालाची दोनदा किंमत!

केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान व जैवतंत्रज्ञान विभागांनी २०१४ साली धोरण केले, की आमच्या अनुदानातून झालेले निबंध सर्वांना खुले असावेत. धोरण चांगले, अंमल ढिला. मग नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना मंजूर झाली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, सुमारे १३,००० नियतकालिके. स्वागतच आहे. परंतु पहिल्या टप्प्यात दार उघडले ते सरकारी संस्थांपुरते. विनाअनुदानित महाविद्यालयांत शिकणारी आपली मुले बाहेरच राहिली. कर मात्र त्यांच्याही घरातून जातो.

तोवर जे खुले आहे ते तरी वापरा. पीएच.डी.चे लाखो प्रबंध ‘शोधगंगा’वर मोफत आहेत. एखादा निबंध अडला तर थेट लेखकाला पत्र लिहून प्रत मागा. मागण्यात कमीपणा नाही. संस्थेच्या वाचनालयात दर रविवारी तासभर विद्यार्थ्यांना हे शोधायला शिकवावे, अशी कार्यकारिणीला माझी विनंती आहे. पहिल्या रविवारी मी येतो.