घरचे शिवणयंत्र आणि मुलांचा हात

संक्रांत जवळ आली की मला अजून एक रात्र आठवते. मी तेव्हा नऊ वर्षांची होते. आम्ही कुपवाडला राहत होतो. सांगली, मिरज आणि कुपवाड यांची मिळून महानगरपालिका झाली ती १९९८ साली. माझ्या लहानपणी कुपवाड हे आपले वेगळे गाव होते आणि सुईदोऱ्यापासून सगळ्या बाजाराला मिरजेला जावे लागे. घरी एक पायमशीन होते. आई त्यावर आळीतल्या बायकांची पोलकी, परकर आणि लहान मुलांची झबली शिवून द्यायची. त्या शिलाईवर आमचे तेल-मीठ निघायचे.

संक्रांतीला लहान मुलाचे बोरन्हाण करतात, त्याला काळे झबले लागते. बोरन्हाण रथसप्तमीपर्यंत चालते खरे, पण त्या वर्षी सहा घरांनी संक्रांतीचाच दिवस धरला होता. सणाच्या आदल्या आठवड्यात आई कापड आणायला गेली. मला वाटले, मशीन फार खडखडते आहे, आई येण्याच्या आत त्याला तेल घालून ठेवावे. कोनाड्यात खोबरेलाची बाटली होती. तेल थंडीने थिजलेले. मी ते चुलीपाशी धरून पातळ केले आणि दिसेल त्या भोकात ओतले. मशीन लोण्यासारखे चालू लागले. मी अगदी खूष!

दुसऱ्या दिवशी पहाटे आईने पायडलवर पाय ठेवला, तर चाक हलेना. खोबरेल आतल्या आत थिजले होते आणि जुन्या धुळीत मिसळून त्याचा चिकटा झाला होता.

"काय घातलंस गं यात?" आईने विचारले. मी खरे ते सांगितले. "आगं, डोक्याचं तेल लोखंडाला कसं चालंल?" एवढेच ती म्हणाली. मिस्त्री मिरजेचे, ते सण झाल्यावरच येणार होते. मग आईने कंदील जवळ ओढला आणि ती सहाही झबली हाताने उलटटीप घालून पुरी केली. मी सुया ओवून देत होते. मध्यरात्री तिने एका झबल्याची कड माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "घाल धावदोरा. वाकडा गेला तर उसव नि पुन्यांदा घाल." शिवणाचा माझा पहिला धडा तो.

सण झाल्यावर मिस्त्री आले. आई त्यांना म्हणाली, "पोरीला दाखवा सगळं. तिनंच बिघडवलंय, तिनंच पुसू दे." त्या दुपारी जे शिकले तेच आज तुम्हांला सांगणार आहे.

आधी टीप पडते कशी, ते समजून घेऊ. आपल्या हातसुईचे नेढे मागच्या टोकाला असते. मशीनच्या सुईचे नेढे टोकाशी असते. सुई कापडातून खाली जाते आणि वर निघताना तिच्या दोऱ्याचा एक लहान फास सुटतो. खालच्या शटलची चोच तो फास पकडते आणि बॉबीनच्या दोऱ्याभोवती फिरवते. दोन दोऱ्यांची ही अढी कापडाच्या बरोबर मध्यावर बसली की टीप चांगली. टोकाशी नेढे असलेली सुई आणि दोन दोऱ्यांची टीप यांचे पेटंट अमेरिकेत एलियास हाऊ याने १८४६ साली घेतले. १८५१ मध्ये आयझॅक सिंगर याने आपल्या मशीनचे पेटंट घेतले. आपल्याकडे १९३६ साली कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सने 'उषा' मशीन तयार केले. यंत्रांविषयी साशंक असलेल्या गांधीजींनीही १९२४ साली एका संभाषणात सिंगरच्या शिवणयंत्राचा अपवाद केला होता. घरच्या बाईचे कष्ट हलके करणारे यंत्र त्यांना मान्य होते.

आता मशीनची निगा. तेल घालायचे ते मशीनचेच. खोबरेल नको, गोडे तेल तर मुळीच नको. रोज काम असेल तर आठवड्यातून एकदा, प्रत्येक भोकात एकच थेंब. नंतर चिंधीवर थोडी टीप मारावी, म्हणजे जास्तीचे तेल चिंधी पिऊन घेते आणि नव्या कापडाला डाग पडत नाही.

तेलाच्या आधी साफसफाई. सुईखालची पत्र्याची पट्टी दोन स्क्रू काढून उघडावी. तिच्याखाली, कापड पुढे सरकवणाऱ्या दात्यांत, सुताची लव दाटून बसलेली असते. जुन्या दातघासायच्या ब्रशाने किंवा कोंबडीच्या पिसाने ती काढावी. "मशीन कापडच सरकवत नाही" ही तक्रार पुष्कळदा इथेच मिटते. मशीनला मोटर असेल, तर हे करण्याआधी वायर काढून ठेवावी.

सुई बोथट झाली की टाके सुटतात. सुई बदलताना जुनीची चपटी बाजू कोणीकडे होती ते आधी पाहून ठेवावे. सुईला एका बाजूने लांब चर असतो, दोरा त्या बाजूने ओवायचा. घरगुती कापडाला १४ किंवा १६ नंबर, जाड कापडाला १८ नंबर. शिवताना कापड ओढू नये. ओढले की सुई वाकते आणि पट्टीवर आपटून मोडते.

टीप खालून लोंबती दिसली, तर आपण बॉबीनकडे धावतो. पण दोष बहुधा वरच्या दोऱ्याचा असतो. तो नीट ओवला गेलेला नसतो किंवा सैल असतो. उलट, खालचा दोरा वर दिसू लागला तर वरचा ताण जास्त झाला असे समजावे. स्क्रू फिरवण्याआधी दोरा काढून एकदा पुन्हा ओवून पाहावा. निम्मी दुरुस्ती त्यातच होते.

गुरुजनांना एक विनंती आहे. १९३७ च्या वर्धा परिषदेपासून आपण हाताच्या कामातून शिक्षण असे म्हणत आलो. मग शिवण फक्त मुलींचे कशाला? मुलगे-मुली दोघांनाही सातव्या-आठव्या वर्षी बटण लावणे, धावदोरा, उलटटीप हातानेच शिकवावे. पाय पायडलपर्यंत नीट पोचले की मशीन. पहिल्यांदा दोरा न ओवता, रेघा मारलेल्या कागदावर सुई चालवायला लावावी. भोके रेघेवर पडली म्हणजे हात बसला. मगच दोरा. सुईपासून बोटे लांब ठेवायची सवय पहिल्या दिवशीच लावावी. आणि टीप शिकवण्याच्या दिवशीच साफसफाईही शिकवावी. निगा ठाऊक नसली, तर मूल मशीन कसे मोडते ते मी स्वतः करून दाखवले आहे!

हे ज्ञान किती उपयोगी पडते, ते मी २०१९ साली पाहिले. त्या ऑगस्टमध्ये कृष्णेचा महापूर सांगलीत शिरला. माझ्या धाकट्या बहिणीचे घर खालच्या भागात. पाणी ओसरल्यावर तिचे मशीन चिखलाने भरलेले सापडले. भंगारवाला दाराशी आला होता, वजनावर घ्यायला. तिच्या शिलाईवर घर चाललेले. मशीन गेले की पोट गेले. मी म्हटले, थांब.

तिचा मुलगा तेव्हा सातवीत होता. त्याला घेऊन बसले. स्वच्छ पाण्याने चिखल धुतला, कोरडे पुसले, उन्हात ठेवले. मग सांध्यासांध्यात रॉकेल सोडले आणि रात्रभर तसेच ठेवले. चूल आणि दिवा लांब ठेवायची ताकीद दिली. सकाळी चाक बळ न लावता थोडे पुढे, थोडे मागे फिरवले. अडेल तिथे पुन्हा रॉकेल. तिसऱ्या दिवशी चाक पुरे फिरले. सगळे पुसून मशीनचे तेल दिले. फळी फुगली होती ती बदलली, पट्टा आणि गंजलेले शटल नवे घेतले. दिवाळीच्या शिलाईला बहीण त्याच मशीनवर बसली.

आज तो मुलगा महिन्यातून एकदा न सांगता पट्टी उघडून लव काढतो. आईने त्या संक्रांतीला मला मारले असते, तर मी पुन्हा मशीनला हात लावला नसता. तिने माझ्या हातात फडके दिले. तुमच्याही घरी मशीन कोपऱ्यात, चादरीखाली पडलेले असेल. येत्या रविवारी चादर काढा, घरच्या मुलाला जवळ बसवा आणि ते फडके त्याच्या हातात द्या.