दारं धरताना दिसलेला तारा



शेतीची लाईट रात्रीची असली की आमच्या बारामती-इंदापूर पट्ट्यात उसाला दारं धरायला रात्रीच जावं लागतं. सरी भरेपर्यंत खोऱ्यावर हात टेकून उभं राहायचं. तारे बघायची खोड मला तिथंच लागली.

हिवाळ्यात उत्तरेला उंचावर ययाती मंडळात अलगोल नावाचा तारा दिसतो. एरवी ठळक, पण एखाद्या रात्री बघावं तर मलूल. ही ताऱ्यांची जोडी आहे. अंधूक जोडीदार उजळ ताऱ्याच्या आड आला की ग्रहण लागतं. 1783 मध्ये इंग्लंडच्या जॉन गुडरिक या कर्णबधिर तरुणानं त्याची पाळी सांगितली, तेव्हा तो 18 वर्षांचा होता. पाळी आहे 2 दिवस, 20 तास, 49 मिनिटं.

माझ्या वहीत मात्र तारा जवळपास तीन आठवड्यांनी मलूल व्हायचा! कारण मी बघायचो रोज दहाच्या सुमाराला. मधली ग्रहणं दिवसा नाहीतर पहाटे उरकत होती. म्हणजे वहीत ताऱ्याबरोबर माझ्या बघण्याचीही पाळी उतरली होती.

यावर उपाय घडीचा. सगळ्या नोंदी वेळेनुसार एका लांब पट्टीवर मांडायच्या आणि पट्टीची पाळीच्या मापानं घडी घालायची. माप बरोबर असेल तर नऊवारीच्या काठावर काठ बसावा तशा मलूल नोंदी एकमेकींवर बसतात. घडीमागे दहा मिनिटं चुकलं, तर तीस घड्यांत पाच तासांचा फरक पडून सगळं विस्कटतं. माप माहीत नसेल तर एकेक करून बघायचं. संगणक अशी लाखो मापं लावून बघतो.

आपल्याच जिल्ह्यात, जुन्नर तालुक्यात खोडदला हेच चालतं. तिथल्या रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या 30 ताटल्या पल्सार, म्हणजे गरगर फिरणारे मेलेले तारे, हुडकतात. त्यांचा एक ठोका गोंगाटात ऐकूच येत नाही. हजारो ठोके घडीवर घडी बसले की वर येतो. 2004 मध्ये या दुर्बिणीतून सापडल्याचं जाहीर झालेला एक तारा सेकंदाला सुमारे 200 गिरक्या घेतो.

पण नेमका ठोका आणखी कोण देतं, ठाऊक आहे? विजेची तार. आपली वीज 50 हर्ट्झची. तारेवर कुठं ठिणगी उडत असेल तर तिची खरखर त्याच तालात दुर्बिणीत शिरते. ती ओळखायची खूण छान आहे. ताऱ्याचा ठोका लांबून येतो, त्यामुळे वरच्या कंप्रतेवर आधी आणि खालच्या कंप्रतेवर मागाहून पोचतो. गावातली खरखर सगळीकडे एकदमच.

माझी मोटार त्याच विजेवर चालते, तेव्हा मी विजेला नावं कशी ठेवू? पुढच्या आठवड्यात लाईट दिवसाची आहे. म्हणजे वही आठ दिवस कोरी.