परमुलखाची कारकुनी



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा एका स्नेह्यांनी आम्हांला विचारले, "कारकुनीवर काय बोलणार?" प्रश्न रास्त होता. परंतु ज्या कारकुनीने आपल्यापैकी कित्येकांच्या घरची चूल पेटती ठेवली, तिच्याविषयी चार शब्द बोलणे अस्थानी होणार नाही.

कारकून हा धन्याच्या पेढीतच बसायचा, असा पूर्वीचा रिवाज होता. कारण उघड आहे. कागद जेथे, तेथे कारकून. हा रिवाज मोडला कसा? 1980 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत अमेरिकन एअरलाइन्स या विमान कंपनीने टल्सा शहरातील आपले एक काम बार्बाडोस बेटावर नेले. प्रवाशांनी वापरलेली तिकिटे कंपनीच्याच विमानांतून तेथे जात. तेथल्या बायका त्यांवरील आकडे यंत्रात भरीत आणि ते आकडे उपग्रहामार्फत अमेरिकेत परत येत. पगार मात्र बेटावरचा! 1985 साली टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सने बंगळूरला कचेरी थाटून उपग्रहाने जोडली. पुढे स्विसएअरच्या हिशेबाचे काम मुंबईत आले. 2002 साली स्विसएअरची विमाने कायमची उतरली, पण तिने दाखविलेल्या वाटेवरून दुसऱ्या अनेकजणी आल्या.

अर्थशास्त्री म्हणतात, यात वावगे काय? 2004 साली अमेरिकेच्या अध्यक्षांचे आर्थिक सल्लागार मॅनकिव यांनी हा व्यापाराचाच नवा प्रकार असल्याचे सांगितले आणि त्यांच्यावर टीकेची झोड उठली. हिशेबाच्या दृष्टीने ते चूक नव्हते. पण देशाचा नफा आणि टल्साच्या कारकुनाची भाकरी या दोन गोष्टी एकाच खतावणीत मांडल्या जात नाहीत. आयातीमुळे बेकार झालेल्यांना मदत देण्याची योजना अमेरिकेने 1962 सालीच केली होती. ती वस्तू घडविणाऱ्यांपुरती होती. सेवा-व्यवसायातील नोकरांना तिच्यात जागा मिळाली ती 2009 साली, आणि 2022 च्या जुलैपासून नवे अर्ज मंजूर करणेच थांबले.

आमच्या शेजारच्या एका तरुणाची हकीकत सांगतो. त्याला कंपनीने तीन महिन्यांसाठी परदेशी धाडले होते. ज्या वयस्क बाईंचे काम येथे यायचे होते, त्यांच्याच शेजारी बसून ते शिकायचे! बाईंनी काही हातचे राखले नाही. शेवटल्या दिवशी आपली टिपणांची वही त्याच्या हाती दिली. परतल्यावर हा रात्री जागून ते काम करू लागला. घरी पैसा आला, धाकट्या बहिणीचे शिक्षण झाले. त्या पैशाला नावे ठेवण्याचा आम्हांला अधिकार नाही. परंतु गेल्या वर्षी त्याला हुकूम झाला, 'तुमच्या कामाची प्रत्येक पायरी लिहून द्या. यापुढे ते यंत्र करील.' तो आम्हांला म्हणाला, "काका, आता वही द्यायची पाळी माझी आहे."

मंडळी, या वाक्यात सारा विषय आला. अॅलन ब्लाइंडर या अर्थशास्त्र्याने 2006 साली लिहिले की, काम उच्च की हलके, यापेक्षा ते तारेवरून पाठविता येते की नाही, हा प्रश्न महत्त्वाचा ठरेल. आम्ही त्यात एवढीच भर घालतो की, जे काम पायऱ्यांनी लिहून देता येते, ते आपल्या हाती केवळ वस्तीला आलेले असते.

मग करावे काय? तरुणांनी कामाचा तुकडा करताना अख्खे काम समजून घ्यावे. 'कसे' शिकताना 'का' विचारावे. धन्यांनी वही मागण्यापूर्वी नवे शिकण्यास पगारी सवड द्यावी. आणि सरकारने, काम येताना सवलती दिल्या तशी काम जाताना माणसांची तरतूद करावी. त्या परक्या बाईंचे काम गेले तेव्हा आपण पेढे वाटले. त्यांचे पुढे काय झाले, हे मात्र आपल्यापैकी कोणी विचारले नाही. निदान आपल्या मुलांच्या बाबतीत तरी हा प्रश्न वेळेवर विचारू या.