दवाखान्यात न येणारं जनावर



एका प्राणीकल्याण संस्थेच्या सामुदायिक पशुवैद्यकीय सेवेची जबाबदारी माझ्याकडे आहे. भेटणारी माणसं मायेने विचारतात, "डॉक्टर, या महिन्यात किती जीव वाचवलेत?" आकडा सांगता येतो, पण माझ्या कामाचा खरा हिशेब त्यात येत नाही. दवाखान्याच्या दारात जे जनावर येतं, त्याच्यामागे कुणीतरी असतं. कुणी रिक्षाचं भाडं भरलेलं असतं, कुणी अर्ध्या दिवसाची मजुरी बुडवून रांगेत बसलेलं असतं. ज्याच्यामागे कुणी नाही, ते जनावर येतच नाही. सामुदायिक सेवा आहे ती त्याच्यासाठी, आणि ती चालवणाऱ्याने डॉक्टर, गाडी आणि पैसा त्याच्याकडे वळवायचा असतो. हे फार जड जातं. फोनवर एक माणूस रडत असतो, जखमेत किडे पडलेलं कुत्रं त्याच्यासमोर तडफडत असतं आणि आपली गाडी लसीकरणाला गेलेली असते. जखमी जनावरासाठी वेगळी गाडी, वेगळा माणूस ठेवावाच लागतो. पण लसीची गाडी त्यासाठी मागे बोलवायची नाही, हे मी ठामपणे सांगते.

हा आग्रह का, ते रेबीजवरून कळेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे या रोगाने जगात दरवर्षी सुमारे ५९,००० माणसं मरतात. माणसाला होणारा रेबीज जवळजवळ सगळा कुत्र्याच्या चाव्यातून येतो आणि बळींपैकी सुमारे ४० टक्के पंधरा वर्षांखालची मुलं असतात. विषाणू चाव्याच्या जागेपासून मज्जातंतूंतून मेंदूकडे सरकत जातो. एकदा लक्षणं दिसली की माणूस हाती लागत नाही. आणि हे सगळं टाळणारी लस शंभर वर्षांहून जुनी आहे. पाश्चरने ती १८८५ साली कुत्रं चावलेल्या एका मुलाला दिली होती.

हा रोग राज्यभर आवरता येतो, हे आपल्या शेजारी गोव्याने दाखवलं. मिशन रेबीज हा उपक्रम २०१३ साली सुरू झाला आणि गोवा सरकारच्या सोबतीने त्याने सगळं राज्य पिंजून काढलं. २०१३ ते २०१९ या काळाचा अभ्यास 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये छापून आला आहे. वर्षाला ९५,००० हून जास्त कुत्र्यांना लस, दीड लाख मुलांना शाळेत जाऊन शिक्षण. कुत्र्यांमधला रेबीज ९२ टक्क्यांनी घटला आणि माणसांचे मृत्यू थांबले. २०२१ मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झालं.

हे कसं घडतं, ते जवळून बघा. सकाळी सहाच्या सुमाराला, रस्ते रिकामे असताना, गाडी वस्तीत शिरते. घरची कुत्री दारोदार जाऊन मालकाच्या हातात धरूनच टोचायची. रस्त्यावरच्यांसाठी लांब दांड्याची जाळी. एक जण समोरून सावकाश येतो, दुसरा बाजूने, कुत्रं वळलं की जाळी अंगावर पडते. जाळीचं तोंड पिळून बंद करायचं, जाळीतूनच सुई द्यायची, अंगावर रंगाची खूण ओढायची, फोनवरच्या ॲपमध्ये नर की मादी, पिल्लू की मोठं हे नोंदवायचं आणि जाळी सोडायची. दोन मिनिटं लागतात. लस मात्र सबंध वेळ २ ते ८ अंशांत राहिली पाहिजे. खोक्यातला बर्फ वितळला तर त्या सकाळची मेहनत वाया.

यानंतर जे होतं त्यावर माझा सगळ्यात जास्त जीव आहे. दुसरी मंडळी त्याच गल्ल्यांतून फिरतात आणि खूण असलेली, खूण नसलेली कुत्री मोजतात. दहातल्या सातांवर रंग दिसला नाही, तर त्याच वस्तीत पुन्हा जायचं. ७० टक्क्यांचा हट्ट कशासाठी? एक पिसाळलेलं कुत्रं सरासरी दोनपेक्षा कमी कुत्र्यांना रोग देतं, म्हणजे साखळी तोडायला एरवी कमी लसीकरणही पुरलं असतं. पण रस्त्यावरचं कुत्रं अल्पायुषी. टोचलेली मरतात, न टोचलेली पिल्लं जन्मतात, आणि वर्षभरात टक्का घसरत जातो. घसरूनही तो पुरेसा उरावा म्हणून सुरुवात ७० पासून. पिल्लंही वगळायची नाहीत, कारण मुलं खेळतात ती त्यांच्याशीच.

दमलेल्या पथकाला पुढची वस्ती खुणावत असते. त्यांना मागे वळवून "अजून बारा राहिलीत" असं सांगणं, हे माझ्या मते या कामातलं नेतृत्व. ती राहिलेली कुत्री सापडतात वस्तीतल्या माणसांमुळे. मासळीबाजारात सोललेल्या कोलंबीची सालं आवरणाऱ्या एका मावशींनी आमच्या पोरांना सांगितलं होतं, "काळी कुत्री गटाराच्या पाइपात व्यालीय, रात्री दहानंतर डोकी टाकली की बाहेर येते." कुठल्याही नकाशात ही माहिती नसते. अशा माणसांशी वर्षभर बोलणं ठेवावं लागतं. मोहिमेच्या सकाळी ओळख काढून चालत नाही.

आणि जाळी मारणारी पोरं! त्यांना कामावर घेण्याआधी रेबीजची प्रतिबंधक लस दिलीच पाहिजे. वर्तमानपत्रात फोटो डॉक्टरचा येतो. चावा खातो तो पकडणारा. कुत्री पकडणारा म्हणून त्याला हिणवलं जातं, तेव्हा मला मनापासून राग येतो. त्यांचा पगार, विमा, गणवेश हा माझ्या अंदाजपत्रकातला पहिला खर्च असतो.

नसबंदीबद्दल थोडंच बोलते. ती हवीच, आणि तिच्यासाठीच्या २०२३ च्या नियमांप्रमाणे कुत्रं सहसा उचललं त्याच भागात परत सोडायचं असतं. पण एका मादीच्या ऑपरेशनला भूल, टाके आणि पुढचे काही दिवस पिंजऱ्यातली देखभाल लागते. लसीला दोन मिनिटं. नसबंदीचा आकडा गाठेपर्यंत लस थांबवणं मला मान्य नाही. आणि माणसाला कुत्रं चावलंच, तर चाव्यावर हळद, चुना, मिरची भरणंही थांबलं पाहिजे. पंधरा मिनिटं साबण आणि वाहतं पाणी, आणि लगेच इंजेक्शनं.

गोव्याला लागून आपला सिंधुदुर्ग आहे, पलीकडे बेळगाव आणि कारवार. सीमेवरचा पत्रादेवीचा नाका कुत्र्याला अडवत नाही. एका राज्याने वर्षानुवर्षं टिकवलेलं शेजाऱ्याच्या न टोचलेल्या गल्लीतून विस्कटू शकतं. म्हणून तुमच्या नगरपालिकेत, ग्रामपंचायतीत जाऊन तीन गोष्टी विचारा. गेल्या वर्षी आमच्या प्रभागात किती कुत्र्यांना लस दिली? त्यानंतर मोजणी कुणी केली? आणि जिथे ७० टक्के भरले नाहीत, तिथे पथक परत कधी गेलं? आता वैशाख चालू आहे. पाऊस ओसरला की पिल्लांचा हंगाम सुरू होतो, आणि उत्तरं त्याच्या आधी हातात हवीत.